दादाने निवडलेलं लायसन्स

माझा दादा म्हणजे देवमाणूस, असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातंय? त्याच्यासोबत काम मला करावं लागतं. चष्म्याच्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवणं हा आमचा धंदा. दातांच्या दवाखान्यावर दोन खोल्या आहेत. खालचं मशीन घरघरलं की आम्ही फोनवर ओरडून बोलतो. कोड दादा लिहितो. दुकानदारांचे फोन, त्यांची बोलणी आणि उरलेलं सगळं माझ्या गळ्यात.

सहा वर्षांनी दादाच्या डोक्यात आलं, कोड सगळ्यांसाठी खुला करायचा. लहान दुकानांना फुकट वापरता यावा म्हणून! मी म्हटलं, "अरे, वेडबिड लागलंय का तुला?" पण तो इरेला पेटलेला. तीन महिने नुसती ओपन सोर्स लायसन्सं, म्हणजे खुला कोड वापरायच्या अटींचे कागद, वाचत बसला. जेवताना तेच, दाढी करताना तेच. शेवटी एक लांबलचक लायसन्स निवडलं. "घ्या, वापरा, विकासुद्धा, पण बदल करून दुसऱ्याला दिलंत, तर तुमचा कोडही त्याला असाच खुला द्या." ही एक अट त्याला जिवापेक्षा प्यारी.

त्यानंतर दीड वर्षाने आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, एकोणीस दुकानांचा मालक, म्हणाला की आम्ही दुसऱ्या कंपनीकडे चाललो. मी त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरचा नमुना उघडून पाहिला. रंग नवा, नाव नवं, आत सगळं आमचं. नमुन्यातल्या पहिल्या माणसाचा चष्म्याचा नंबर उजवा उणे सव्वाचार, डावा उणे पावणेसहा. आमच्या आईचा नंबर! आई गेल्यावर दादाने तो चाचणीसाठी घालून ठेवला होता.

"चोर लेकाचे!" मी किंचाळले. "कोर्टातच खेचते एकेकाला!" दादा वळला आणि आपल्या कॉम्प्युटरवर जुन्या नोंदी चाळू लागला.

वकीलबाईंनी आधी लायसन्सची फाईल मागितली. वाचून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "यात तुमची ती अट कुठाय? हे तर भलतंच लायसन्स आहे. घ्या, बदला, कुलूप लावून विका. फक्त मूळ मालकाचं नाव आणि हा मजकूर सोबत ठेवा. त्यांनी तो ठेवलाय. पुढच्या आवृत्तीला दुसरं लायसन्स लावा, पण दिलंत ते गेलं."

दादा म्हणाला, "चूक माझी. जुन्या फोल्डरमधली फाईल आली."

ऑफिसात पोचेपर्यंत मी त्याचा पार उद्धार केला. "तीन महिने काय दिवे लावलेस? वेंधळा तो वेंधळाच!"

"राहू दे ना, चिमणे."

राहू देईन तर मी कसली! कुठली फाईल कोणी, कधी टाकली, याची नोंद आमच्याकडे आपोआप राहते. त्याला दाखवायलाच मी ती उघडली. लायसन्सच्या फाईलपुढे माझं नाव होतं.

सगळं आठवलं. दादाने निवडलेली फाईल पाठवली होती, "ही टाक" म्हणाला होता. मी एका दुकानदाराशी फोनवर भांडत होते. ती शोधायचा कंटाळा केला आणि त्याने कॉलेजात बनवलेल्या गेमच्या फोल्डरमधलं लायसन्स उचलून टाकलं. म्हटलं, लायसन्स ते लायसन्स.

"तुला कधी कळलं?"

"तू तो नमुना उघडलास, त्याच दिवशी."

"मग वकीलबाईंसमोर स्वतःवर का घेतलंस?"

"एकदा उघडून बघायचं काम माझंच होतं ना? मी बघितलं नाही." मग जरा हसला. "आणि तू तुझ्यावरच ओरडायला लागलीस, तर तुला आवरणार कोण?"

एकोणीस दुकानं गेली ती गेलीच. नवी आवृत्ती तयार झाली, तेव्हा मला वाटलं, हा आता मला फायलींना हातसुद्धा लावू देणार नाही. त्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली. "टाक."

"अजूनही खुलंच ठेवणार?"

"खुलंच. पण मी निवडलेलं लायसन्स लावून."

तेवढ्यात फोन वाजला. मी तो कापला आणि लायसन्स पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर मला अक्षरंच दिसेनात, तेव्हा पुढचं दादाने वाचून दाखवलं.