कोऱ्या नळीतला प्रकाश

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी मी नाशिकच्या एका महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवीत असे. मुंबईच्या एका संस्थेने मोडीत काढलेले प्रकाशमापक यंत्र मी मागून आणले होते आणि त्यावर प्रकाशाची दिशा तपासणाऱ्या दोन काचा बसवून घेतल्या होत्या. त्या यंत्रावर माझी एकमेव संशोधक विद्यार्थिनी तीन वर्षे काम करीत होती. ती सायखेड्याची. मोजके बोलणारी. मला ते सोयीचे होते.

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे अत्यंत पातळ पटल असते. ते घट्ट आहे की सैल, हे पाहून कळत नाही. म्हणून त्यात एक रंगद्रव्य सोडतात. पाण्यात ते जवळजवळ निस्तेज असते. पटलात शिरले की अतिनील प्रकाशात निळे चकाकते. पटल घट्ट असेल तर रंगाचे रेणू अडकून राहतात आणि प्रकाश आपली दिशा बहुतांशी राखतो. पटल सैल असेल तर रेणू फिरतात, दिशा विस्कटते. काच एकदा उभी, एकदा आडवी फिरवायची आणि काटा वाचायचा. काम एवढेच, पण ते हजारो वेळा करावे लागते.

पेठ तालुक्यातील सिकलसेलच्या रुग्णांचे रक्त दर बुधवारी बर्फाच्या डब्यातून एसटीने येई. निरोगी रक्त आमचेच, म्हणजे अध्यापकांचे. प्रयोगशाळेतील शिपाई पन्नाशीचे होते. सारे त्यांना मामा म्हणत. आमचे रक्त काढायला तिने सुई घेतली की ते तिला चिडवत, ‘‘ताई, तुमच्यापुढं डास बी लाजला.’’

निष्कर्ष स्वच्छ होता. रुग्णांचे पटल दर बुधवारी निरोगी पटलापेक्षा सैल भरे. त्या एका फरकावर तिचा प्रबंध उभा होता. मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती. जूनपूर्वी प्रबंध न दिल्यास नोंदणी रद्द होणार होती आणि महाविद्यालयात तिला मिळणारी अधिव्याख्यात्याची जागाही जाणार होती.

फेब्रुवारीत मी तिला कोरे वाचन पुन्हा घ्यायला सांगितले. नुसते पाणी घातलेल्या नळीचे वाचन, ज्यात काटा हलता कामा नये. हे वाचन आम्ही नेहमी निरोगी रक्ताच्या स्टँडमधील नळीवर घेत असू. त्या दिवशी तो स्टँड रिकामा होता. तिने तांबड्या खुणेच्या, रुग्णांच्या स्टँडमधील धुतलेली नळी घेतली. काटा हलला.

‘‘सर, यात काहीच नाही. रक्त नाही, रंगसुद्धा नाही.’’

‘‘दुसरी घ्या.’’

दुसरीतही हलला. पाचव्या नळीनंतर मी मामांना बोलावले.

‘‘या नळ्या कशाने धुता?’’

‘‘तांबड्या खुणेच्या? पावडरीनं, सर. दोन बारी. आजारी लेकरांचं रक्त असतं त्यात, दुसऱ्या कुनाला लागाया नको.’’

‘‘आणि बाकीच्या?’’

‘‘त्या तुमच्या ॲसिडात. मास्तरांचं रक्त ते, त्याला कशाची बाधा व्हतीय?’’

ती हसली. मग हसू थांबले.

कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत एक द्रव्य मिसळलेले असते. अतिनील प्रकाशात तेही निळेच चकाकते आणि पाण्यात मोकळे फिरते. नळीच्या काचेला चिकटून राहिलेला त्याचा अंश यंत्राला सैल पटलासारखा दिसत होता. तीन वर्षे आम्ही धुण्याची पावडर मोजली होती.

‘‘मामा, वेगळ्या धुवायला तुम्हाला कुणी सांगितलं?’’ तिने विचारले.

‘‘सरांनीच की. पयल्याच दिवशी म्हनले, पेशंटच्या नळ्या वेगळ्या ठेवा, जास्त स्वच्छ धुवा.’’

मी तसे सांगितले होते. कशाने धुवायच्या, हे सांगितले नव्हते. दोन्ही रक्तांच्या नळ्या एकाच पद्धतीने धुतल्या पाहिजेत, हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवायचा नियम आहे. मी तो शिकवीतही असे.

त्यानंतरच्या चार बुधवारी सर्व नळ्या ॲसिडने धुऊन तिने काम पुन्हा केले. फरक नाहीसा झाला.

तिने एकच मागणी केली. ‘‘विद्यापीठाला मुदतवाढीचं पत्र लागेल, सर. नळ्या वेगळ्या का होत्या, तेवढं त्यात असू द्या.’’

मी पत्र लिहिले. ‘काचसामान धुण्याच्या पद्धतीत दोष आढळल्याने निष्कर्ष मागे घेण्यात येत आहेत, तरी मुदतवाढ मिळावी.’ सूचना कोणाची, हे लिहिले नाही. वाक्य तसेच अधिक नेटके वाटले. मी ते दोनदा वाचले आणि सही केली.

उत्तर आले : काचसामानाची स्वच्छता ही उमेदवाराची जबाबदारी आहे, सबब मुदतवाढ देता येत नाही.

तिने यंत्रावर कापड घातले, किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि गेली. मामा बाहेर नळ्या धूत होते. आता सर्व ॲसिडातच.

काही वर्षांनी प्रात्यक्षिक परीक्षेसाठी मी येवल्याला गेलो. शाळेच्या प्रयोगशाळेत ती शिक्षिका होती. मुलांच्या टेबलांवर पहिल्या नळीत नुसते पाणी होते. तिने मला चहा दिला, उत्तरपत्रिका दिल्या. निघताना मी म्हणालो, ‘‘तेव्हा विद्यापीठाने ऐकायला हवे होते.’’

‘‘तुमच्या पत्राची प्रत मलाही आली होती, सर,’’ ती म्हणाली.

मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधला. गाठ नीट बसेना, तेव्हा तिने दोरीवर बोट ठेवले.