शेवंतीच्या मानेवरची गाठ

डॉक्टर कमलबाई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या, तेव्हा गोठ्याकडे वळायच्या आधी त्यांनी माझ्या मांडीवरच्या पोरीकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "हिला दूध कुठलं देता?" ना नमस्कार, ना पाण्याचा घोट. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुरांच्या डॉक्टरनं गुरं बघावीत, माझ्या लेकराशी हिला काय करायचंय?

ब्याण्णव-त्र्याण्णवचे दिवस होते. शहराबाहेर, कुकटपल्लीच्या कडेला आमचा गोठा होता आणि चारी बाजूंनी कॉलन्या उठत होत्या. माझे सासरे हिम्मतराव यांना आम्ही मामंजी म्हणायचो. तरुणपणी ते तालमीत घुमलेले, मिशा अजून तशाच. त्यांनी हौसेनं जर्सी जातीच्या गाई आणल्या होत्या. खासगी डेअऱ्या तेव्हा नव्यानं निघत होत्या, त्यातली एक आमचं सगळं दूध उचलायला तयार झाली. अट एकच होती, गाईंना क्षय नाही असा सरकारी डॉक्टरचा दाखला हवा. मामंजींच्या लेखी हे काम म्हणजे एक सही आणि एक कप चहा.

सही करायला आल्या त्या कमलबाई. काचीगुड्याच्या वकिलाची लेक. बहिणी शाळेत शिकवायला लागल्या आणि ही गुरांमागे गेली. लग्न केलं नाही, त्याबद्दल विचारलं तर म्हणायची, "फुरसत कुठंय?" साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात रबरी बूट, बुडाखाली खडखडणारी लूना. लोक तिच्या मागे पाहून विचारायचे, "डॉक्टरसाब नाही आले?" ही शांतपणे म्हणायची, "आले की. समोर उभे आहेत." अशी बाई आपल्याला पटत नाही, पण तिला विसरताही येत नाही.

माझी निशिगंधा तेव्हा दहा महिन्यांची होती. अंगच धरत नव्हती पोर. माझं दूध पुरत नव्हतं, म्हणून सासूबाईंनी तिच्यासाठी शेवंती राखून ठेवली होती. शेवंती म्हणजे गोठ्यातली सगळ्यांत देखणी गाय. तान्ह्या लेकराला एकाच गाईचं दूध द्यायचं, चार गाईंचं मिसळून द्यायचं नाही, हा आमच्याकडचा जुना नेम. त्यातून सासूबाईंचा आणखी एक हट्ट, दूध धारोष्णच हवं. उकळलं की दुधातला जीव जातो, असं त्या ठामपणे सांगायच्या. पोरीचं वजन वाढेना, तसतशी त्या वाटी मोठी करत गेल्या.

कमलबाईंनी प्रत्येक गाईच्या मानेवरचे केस कातरले, कातडीची घडी पट्टीत धरून तिची जाडी मोजली आणि अगदी बारीक सुईनं कातडीतच थेंबभर काहीतरी टोचलं.

"औषध आहे का हो?" मी विचारलं.

"औषध नाही. क्षयाच्या मेलेल्या जंतूंचा अर्क आहे. गाईच्या अंगात ते जंतू आधी शिरले असतील, तर अंग त्यांना ओळखतं आणि खवळून उठतं. तिसऱ्या दिवशी तिथं गाठ येते. शिरले नसतील तर काही होत नाही."

"पण आमची एकही गाय खोकत नाही," मामंजी म्हणाले. "खाली-पिली परेशान करायलात तुम्ही."

"खोकायला लागली की उशीर झालेला असतो, हिम्मतराव. आपल्याला दिसायच्या आधी तिच्या अंगाला कळतं. आपण नुसतं विचारायचं असतं." आणि जाता जाता दम दिला, "तिसऱ्या दिवशी येते. तोवर मानेला कुणी हात लावायचा नाही."

तिसऱ्या दिवशी कमलबाई आल्या. एकेका गाईच्या मानेवरून त्यांचा अंगठा फिरत गेला, सगळ्या माना साफ. शेवंतीपाशी मात्र त्या थांबल्या. तिचीही मान जवळजवळ सपाट होती, पण कातरलेल्या जागी पिवळट डाग होता आणि आंबेहळदीचा वास येत होता.

"हे कुणी केलं?"

सासूबाई कौतुकानं पुढे आल्या. "मीच की. तुमच्या सुईनं, माय व, केवढी गाठ उठली होती! काल रात्रभर शेकलं, लेप घातला, तेव्हा कुठं उतरली बघा."

ज्या गाठीनं सांगायचं होतं, तिला सासूबाईंनी प्रेमानं कुरवाळून गप्प केलं होतं. मामंजींनी मात्र टाळी वाजवली. "चला, मान साफ! मारा सही."

"सही नाही करणार. गाठ किती होती ते मला कळलं नाही. आता लगेच टोचून उपयोग नाही, अंग नीट बोलत नाही. दोन महिन्यांनी पुन्हा टोचावं लागेल. तोवर शेवंतीला वेगळी बांधा. आणि त्रिवेणी," त्या माझ्याकडे वळल्या, "पोरीला तिचं दूध देऊ नकोस. बाकीच्या गाईंचंही उकळूनच दे. आणि पोरीला एकदा दवाखान्यात दाखव."

मग जे झालं ते सांगायलाही लाज वाटते. मामंजींनी भर अंगणात शेवंतीच्या धारेचा पेला भरला, कमलबाईंच्या डोळ्यांसमोर घटाघटा प्यायला आणि म्हणाले, "हौ, मेलो का मी? पुन्हा या दारात पाय ठेवू नका." दुसऱ्या दिवशी ते तिच्या साहेबांकडे तक्रार घेऊन गेले. साहेबांनी तिला बोलावून सही करायला सांगितलं. ती म्हणाली, "माझी लांबच्या गावी बदली करा. तिथून येऊन दोन महिन्यांनी टोचेन." साहेबांनी बिनसहीचा कागद तसाच परत दिला.

तिच्या या हट्टानंच मला धीर आला. ज्या बाईला आमच्याकडून काही मिळणार नव्हतं, ती आमच्यासाठी नोकरी पणाला लावत होती. मग मी तर पोरीची आई होते. हे कळलं त्या सकाळी सासूबाई वाटी घेऊन आल्या, तेव्हा मी पोरीला उचलून आत घेतलं, दुसऱ्या गाईचं दूध गॅसवर चढवलं आणि ते खळाखळा उकळेपर्यंत पातेल्याशी उभी राहिले. सासूबाई रडल्या. मामंजी माझ्याशी बोलेनासे झाले. माझा नवरा संदेश आईबाप आणि मी यांच्या मध्ये उभा राहून नुसता "नक्को, नक्को" करत राहिला. त्याला मी तिथंच उभा ठेवला. एवढं केलं, पण पोरीला दवाखान्यात न्यायला घरातलं कुणी हलेना. गाईचंच ठरलं नाही, तर लेकराला कशाला सुया, हेच सगळ्यांचं म्हणणं.

कमलबाई दर आठवड्याला यायच्या. दार बंद असलं की फाटकाबाहेर लूना उभी करून मोठ्यानं विचारायच्या, "त्रिवेणी, दूध उकळलं का?" मी आतून ओरडायची, "उकळलं!" सगळी गल्ली हसायची. हसू देत.

दोन महिने सरले आणि डेअरीची माणसं दाखल्यासाठी अडून बसली, म्हणून फाटक उघडावंच लागलं. या वेळी सुई टोचून कमलबाई घरी गेल्याच नाहीत. घरून डबा आणि घडीची खुर्ची घेऊन आल्या होत्या. सासूबाई गोठ्यात आल्या की कमलबाई त्यांच्याकडे टक लावून बसायच्या. दुसऱ्या संध्याकाळी शेवंतीची मान सुजायला लागली. तिसऱ्या दिवशी लिंबाएवढी टणक गाठ होती. हात लावला की शेवंती अंग चोरायची.

"दुखतंय हो तिला," सासूबाई कळवळून म्हणाल्या.

"दुखतंय, भामाबाई," कमलबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला होता. "पण आता तिचं ऐका. माझं ऐकू नका, तिचं ऐका."

मामंजींनी स्वतःच्या हातानं ती गाठ चाचपून पाहिली. मग आत आले, निशिगंधाला दुपट्यात गुंडाळलं आणि मला म्हणाले, "चल."

लेकराच्या हातावरही हीच परीक्षा असते, हे मला दवाखान्यात कळलं. तशीच बारीक सुई, तशीच तीन दिवसांची वाट. ते तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. तिसऱ्या दिवशी तिच्या एवढ्याशा हातावर लालबुंद, टणक गाठ होती. डॉक्टर म्हणाले, जन्मल्याबरोबर टोचलेल्या लशीनंही थोडी येते, पण इतकी नाही. छातीचा फोटो काढला. मानेतल्या गाठींत नुकती सुरुवात होती, बाकी छाती साफ होती. औषध बरेच महिने चालेल, पण पोर बरी होईल. हे दोन महिनेही कच्चं दूध पोटात गेलं असतं, तर असं सांगता आलं नसतं, हेही ते म्हणाले.

कमलबाई नारायणगुड्याच्या आपल्या कचेरीतून धावतपळत आल्या होत्या. त्यांनी निकाल ऐकला आणि एवढी कडक बाई दवाखान्याच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडली. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि मी घेतलंच.

मामंजी जिन्याशी खाली मान घालून उभे होते. मग म्हणाले, "पलीकडच्या गोठेवाल्या प्रतापरावांच्या घरी तान्हं लेकरू आहे. त्यांच्याकडेही एकाच गाईचं चालतं."

कमलबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "मला फाटकात घेणार नाहीत ते. तुम्हीच माझं नाव गावभर केलंय."

"मी संगं येतो," मामंजी म्हणाले. "सांगतो त्यांना, माझ्या नातीचा हात बघून आलो म्हणून."

आणि तो पहाडासारखा माणूस मिशा सावरत लूनाच्या मागच्या सीटवर बसला. मी पोरीला खांद्यावर घेऊन दवाखान्याच्या फाटकात उभी होते. चढावर लूना धापा टाकत थांबली. दोघं खाली उतरले, आणि एकानं हँडल, दुसऱ्यानं मागची सीट धरून ती ढकलत पुढे निघाले.