जागेवर जाऊन भिणारा माणूस

जगातली सगळी भीती एका रात्रीत नाहीशी झाली असती, तरी माझ्या थोरल्या साडूंनी ती दुसऱ्या दिवशी एकट्याच्या बळावर पुन्हा उभी केली असती, याबद्दल आमच्या सासुरवाडीत दुमत नव्हते. दादरला तिसऱ्या मजल्यावर राहून ते रोज सकाळी विंचवासाठी जोडे झटकत. आगगाडीत बसायचे ते मधल्याच डब्यात. टक्कर पुढून झाली तर पुढचे जातात आणि मागून झाली तर मागचे, असा त्यांचा हिशेब. पंगतीत मठ्ठा आधी मला प्यायला लावून ते थोडा वेळ माझा चेहरा निरखत, मगच स्वतःची वाटी उचलत. आणि असा हा माणूस दर हिवाळ्यात मला ओढून कर्जतच्या डोंगरांत घेऊन जाई! "घरी बसून कोणीही भिईल हो," ते म्हणत, "भ्यायचं तर प्रत्यक्ष जागेवर जाऊन भ्यावं."

त्या वर्षी जागा ठरली ती कोंडाण्याची लेणी. कर्जतला उतरून आम्ही वाट धरली. भात कापून झालेल्या खाचरांत वालाची रोपे डोलत होती, हवेत गारवा होता, समोर डोंगराचे कडे कोवळ्या उन्हात उजळले होते. साडूंनी मात्र बांधावरच्या प्रत्येक बिळाशी थांबून "हे कोणाचं?" अशी चौकशी केली. पायथ्याच्या वाडीतला काळू नावाचा ठाकर आम्ही वाट दाखवायला बरोबर घेतला. कमरेला कोयता, खांद्यावर घोंगडी आणि चालणे असे की पाचोळाही वाजू नये.

"काळू, इथं वाघ येतो का रे?" साडूंनी विचारले.

"येतो ना."

"आज येईल?"

"त्याला इचारलं नाय, भाऊ."

यानंतर लेणी येईपर्यंत साडूंनी त्याच्या घोंगडीचे टोक सोडले नाही.

लेण्यांपाशी पोचलो तर वरच्या कातळाखाली काळ्या सुपांसारखी मोहोळे लटकलेली. काळूने ओठांवर बोट ठेवले. "आग्या हाय. हाळू बोला. इडी पेटवू नका." साडू पांढरेफटक पडले. ते पाय न वाजवता विहारात शिरले, भिक्षूंसाठी कोरलेल्या खोल्यांपैकी सगळ्यांत आतली त्यांनी गाठली आणि काळूची घोंगडी मागून घेऊन तिच्यात गुरफटून बसले. मी बाहेरच उभा राहून चैत्याची कमान पाहत राहिलो.

तेवढ्यात कुठूनशी एक घार आली आणि सरळ मोहोळावर झेपावली. आधी नुसता घूं असा आवाज झाला, मग ऊन तपकिरी झाले. काळू "आत पळा!" म्हणून ओरडला आणि विहारात घुसला. मला आत कुठे नि बाहेर कुठे हेच कळेना. पहिला डंख पापणीवर बसला, मग ओठावर, मग मानेवर किती ते देवालाच ठाऊक. माशा कानांत शिरत होत्या, डोळे उघडत नव्हते, आणि मी आंधळ्यासारखा धावत सुटलो तो नेमका दरीच्या बाजूला. पायाखालचा दगड निसटला. तो खाली आपटल्याचा आवाज फार उशिराने आला. मी जागीच थिजलो. आपण इथेच मरणार, हे मला स्वच्छ कळले.

"मी भितोय हो! साडूभाऊ, मी फार भितोय!" असा टाहो फोडत कोणीतरी मागून धावत आले. माझी कॉलर धरली, डोक्यावर घोंगडी टाकली आणि मला फरफटत आत नेले. स्वतःचे तोंड मात्र त्यांनी तसेच उघडे ठेवले होते.

त्या खोलीच्या अंधारात आम्ही दोघे एका घोंगडीखाली पडून राहिलो. दाराशी माशांचे घोंगावणे चालूच होते. साडूंचे दात वाजत होते, मधूनच ते रामाचा धावा करत, मधूनच मला चाचपून "आहात ना?" असे विचारत. शेजारच्या खोलीतून काळू म्हणाला, "हालू नका, भाऊ. बसतील त्या."

"कधी रे?"

"त्यांच्या मनाला यील तवा."

उन्हे कलल्यावर त्या बसल्या. आम्ही एकमेकांचा हात धरून, खोकलासुद्धा दाबत, खाली उतरलो. वाडीत काळूच्या बायकोने "आई गं, काय ह्ये त्वांड!" म्हणत आमचे काटे काढले. दादरला दार उघडणाऱ्या माझ्या मेहुणीने स्वतःच्या नवऱ्याला "कोण पाहिजे आपल्याला?" असे विचारले. पुढे दोघेही तापाने पडलो. त्यांचा ताप माझ्यापेक्षा फार दिवस राहिला.

बरे वाटल्यावर मी त्यांना विचारले, "तुम्ही आत सुखरूप होतात. बाहेर कशाला आलात?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिले. "आत एकट्याला फार भीती वाटायला लागली हो," ते म्हणाले. सासुरवाडीतही त्यांनी हेच सांगितले. सगळे पोट धरधरून हसले, आणि त्यांत तेही हसले.

साडू जाऊन आता बरीच वर्षे झाली. घरच्या अंथरुणात, झोपेतच गेले. भ्यायला सवडही मिळाली नाही, असे मेहुणी म्हणते. डोंगरात मी अजून अधूनमधून जातो. रानात काही खसफसले की छातीत धस्स होते, पुढे पाऊल पडत नाही, आणि आपण किती भित्रे आहोत हे या वयात नव्याने कळते. ते बरोबर असताना हे कधी कळलेच नव्हते. माझ्या वाटचेही तेच भिऊन घेत असत.