डोळ्याखालचा भोवरा

आमच्या घोडीच्या उजव्या डोळ्याखाली केसांचा एक भोवरा होता. असलं जनावर मालकाला रडवतं, असं आमच्याकडं मानतात. म्हणून अकलूजच्या घोडेबाजारात तिला कुणी हात लावला नाही, आणि कन्हेरीजवळ घोडेस्वारी शिकवणारे आमचे सर तिला घेऊन आले. 'आमची' म्हणते खरी, पण घोडी सरांची. मी फक्त बसायचे.

वरकुट्याला घरी आल्यावर मी आबांना, म्हणजे आजोबांना, मोबाइलवर तिचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करायला लावला आणि थेट भोवऱ्यावर बोट ठेवलं. "ही बया तुला रडवणार. तितं काय करायचं ते करा, माझ्या दावणीला न्हाय आणायची."

मी तशी तापट. म्हटलं, "तुमच्या दावणीला येतंय कोण?"

आणि काय सांगू, काय उडायची ती! अडथळा दिसला की कान टवकारायची, दांड्याला खूरसुद्धा न लावता पलीकडं उतरायची आणि फुर्रकन नाक वाजवायची. बघितलंस ना, असंच जणू. खोड एकच. स्पर्धेत अडथळ्यांच्या बाजूला शोभेला झेंडूच्या कुंड्या ठेवतात. एकदा भर फेरीत बाई थांबल्या आणि फूल खाल्लं! गुण गेले, लोक हसले, मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पुढं तीच राज्यात पहिली आली, आणि एकदाच नाही. तिच्या पाठीवर बसलं की मला कशाचीच भीती वाटायची नाही. खूप जीव होता माझा तिच्यावर.

करंडक घरी यायला लागले. आबांनी त्यातल्या एकात सुपारी ठेवायला सुरुवात केली. स्पर्धा बघायला कधी आले नाहीत, पण मी घरी आले की दुसरीकडं बघत विचारायचे, "पाय नीट हायत का तिचे?" माझ्या पायांची चौकशी कुणी करत नव्हतं.

मग एकदा सरावात तिच्या पुढच्या पायाची शीर दुखावली. डॉक्टर म्हणाले, चालेल, चरेल, पण उडी कायमची बंद. सरांकडं जागा मोजकी. त्यांनाही वाईट वाटत होतं. म्हणाले, "घरी नेतेस का? नाहीतर इंदापूरचा एक वरातीवाला मागतोय."

वरात! डीजेच्या भिंतीपुढं, फटाक्यांच्या धुरात, त्या दुखऱ्या पायावर नाचवणार तिला. मी आबांना विनवलं, भांडले, जेवणावर रुसले. "न्हाय म्हंजी न्हाय," एवढंच उत्तर.

वरातीवाला घोडी बघायला येणार होता, त्या दिवशी आबा बारामतीच्या मार्केटला दोडकी घालायला निघाले होते. मीही सोबत गेले. येताना रिकामी पिकअप त्यांनी ड्रायव्हरला सरांच्या दारात थांबवायला लावली. "म्या काय उतरत न्हाय," आबा म्हणाले, आणि माझ्या आधी उतरले.

वरातीवाल्यानं तिचे दात बघितले, पाय चाचपले, मग तोंड वर धरलं आणि हात झटकला. "आरं द्येवा, भोवरा हाय की! असली अवदसा नवरदेवाखाली कुठं द्यायची?"

"ए!" आबा केवढ्यानं तरी ओरडले. "अवदसा कुणाला म्हणतो रं? राज्यात पयली आल्याली घोडी हाय ती!"

"अवं पर तात्या, भोवरा..."

"भोवरा हाय तर हाय! तुझ्या टाळक्यावर न्हाय व्हय?"

इतकी वर्षं जे स्वतः घरात म्हणत होते, ते परक्याच्या तोंडून त्यांना सोसलं नाही. त्याच्या हातातली दोरी त्यांनी काढून घेतली. सरांना म्हणाले, "नेतो आमी हिला." आणि माझ्यावर खेकसले, "बघत काय हुबी ऱ्हायलीस? फळी लाव गाडीला!"

मी फळी लावली. घोडी गुमान चढली आणि तिच्यामागं आबाही चढले, दोडक्याच्या पाचोळ्यात, तिच्या मानेवर हात टाकून.

"आबा, पुढं बसा की. कंबर धरंल तुमची."

"तू बस पुढं. तिला गाडीची सवय न्हाय, भिईल बिचारी."

मुंबई, जयपूर, दिल्ली, सगळं गाडीतनं पालथं घातलेली घोडी ती. पण मी पुढं जाऊन बसले आणि ड्रायव्हरला सांगितलं, हळू घे.