विमानाच्या पोटाला लागलेलं कुंकू

विझलेल्या वातीचा वास आला की मला माझंच एक चित्र आठवतं आणि मान खाली जाते. साताऱ्याकडच्या एका फौजींच्या गावात शाळेचा कार्यक्रम होता, त्यासाठी मी टॅबलेटवर लढाईतलं बॉम्बर विमान रंगवलं होतं. खालून फुटणारे तोफगोळे, पेटलेला पंख आणि तरीही पुढंच निघालेलं विमान. ज्वाळांवर तर मी फार जीव ओतला होता. भली मोठी प्रिंट भिंतीवर लागली, लोक तिच्यासमोर सेल्फी काढत होते आणि मी फुगलो होतो. तेवढ्यात एक आजी पुढं आल्या. त्यांचा नवरा अशाच विमानात वैमानिकाला वाट सांगायचं काम करायचा; लढाईला गेला, तो परतलाच नाही. "आमचं मालक कुठं बसल्यात ह्यात?" त्यांनी विचारलं. "आजी, वाट सांगणारा आत बसतो, बाहेरनं दिसत नाही," मी ऐटीत सांगितलं. "आत हायत न्हवं? मग झालं. जाताना घाईत ओवाळायचं राहिलं व्हतं बघ." पाहुण्यांसाठी ठेवलेल्या ताटातलं निरंजन उचलून त्यांनी विमानाला ओवाळलं. वाऱ्यानं वात विझून तिचा वास पसरला, तोवर त्यांनी विमानाच्या पोटाला बोटानं कुंकू लावलं. त्या पोटात मी कुणालाच काढलं नव्हतं, हे फक्त मला माहीत होतं. हल्ली विमान काढताना मी आधी खालच्या लेयरवर आतला माणूस काढतो, मग त्यावर पत्रा चढवतो. चेहरा मात्र कोराच राहतो. मालकांचा फोटो दाखवा, एवढंसुद्धा मी त्या दिवशी आजींना म्हणालो नव्हतो.