लसूण चोळलेलं चुंबक

माझे बाबा जन्मभर विज्ञानाचे मास्तर. मांजर आडवं गेलं म्हणून घरात कुणी थबकलं तरी बोलणी खायचं. त्यामुळे असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणं मला कधी जमलंच नाही. तरी लिहितेय... कारण होकायंत्र माझ्याच हातात होतं.

गेल्या हिवाळ्यातला रविवार. अकोल्यात जठारपेठेतलं आमचं घर, सकाळचे अकरा. दुसऱ्या दिवशी बाबा एका शाळेत चुंबकाचा इतिहास सांगणार होते. पूर्वी युरोपात पक्की समजूत होती, की लसूण चोळला की चुंबकाची शक्ती जाते. शेकडो वर्षं पुस्तकांत तेच लिहिलं जायचं. मग काही जणांनी खरंच चोळून पाहिला — काहीच झालं नाही. तोच प्रयोग बाबा मुलांना दाखवणार होते.

घरी त्यांनी तालीम केली. पाकळी ठेचून चुंबकाला चोळली, टाचण्यांजवळ नेलं. टाचण्या पटापट चिकटल्या.

कौंडण्यपूरजवळच्या गावाहून सुमनआत्या आली होती. बाबांची मोठी बहीण. आजी लवकर गेली, तेव्हा बाबांना तिनंच वाढवलं.

"काय करून राहिला रे बापू? दे इकडे, मले पाहू दे."

तिनं चोळलं. एकही टाचणी चिकटली नाही. बाबा हसले. मी होकायंत्र चुंबकाला टेकवलं... सुई हललीसुद्धा नाही. पुसल्यावर चुंबक पुन्हा ठीक. बाबांनी चोळलं, टाचण्या चिकटल्या. आत्यानं चोळलं, नाही. असं तीनदा झालं.

बाबा नीट जेवले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "शाळेत नाही म्हणून कळवतो. मलाच खात्री नाही, तर मुलांना काय सांगू?"

आत्या त्यांच्याजवळ जाऊन बसली. "बापू, म्या गंमत केली रे. बोटानं टाचण्या दाबून धरल्या होत्या."

"आणि होकायंत्र?"

"त्याले बी हात लावला असंन. तुले तं लहानपनापासून कोनीबी फसवते."

बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग हसले आणि जेवायला वाढ म्हणाले. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. प्रयोग छान झाला.

मी आत्याला स्वयंपाकघरात गाठलं. "खोटं कावून बोलली तू?"

"मंग काय करू? त्यानं जलमभर पोरायले शिकवलं, ते मी एका पाकळीपायी खोटं पाडू?"

"पण झालं कसं ते?"

"मले काय मालूम वं बाई. म्या तं निस्ता लसून चोळला."

नंतर मी तेच चुंबक घेऊन कितीदा तरी करून पाहिलं. काही होत नाही. त्या दिवशी काय झालं, मला आजही सांगता येत नाही.

यंदा दिवाळीला आत्या पुन्हा आली. मी चुंबक आणायला उठले, तर बाबांनी माझा हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "प्रवासानं दमली आहे ती."

प्रयोग नको असं बाबांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.