झरीच्या आत संपलेला सिनेमा

"तर असा एक माणूस हाय," म्हणत मामा जेवणाचा डबा शेजारच्याच्या मांडीवर ठेवायचे, ड्रायव्हरकडे पाठ करून उभे राहायचे आणि वरचा दांडा धरायचे. परभणी-जिंतूर एसटीनं रोज अपडाऊन करणाऱ्या आम्हा नोकरदारांचा सोमवार असा सुरू व्हायचा. सगळी बस ज्यांना मामा म्हणायची, ते जिंतूरच्या एका कचेरीत बाबू, मी तिथल्याच एका शाळेत शिक्षिका. रविवारी ते परभणीत सिनेमा बघायचे आणि सोमवारी अख्ख्या बसला सांगायचे.

सिनेमा मोजायची त्यांची रीतही एसटीचीच होती. जिंतूरपर्यंत पुरला तर चांगला. बोरीला संपला तर बरा. आणि निम्म्या वाटेवरच्या झरीच्या आतच आटोपला, तर तो काढणाऱ्याचा मामा उद्धार करायचे.

एकदा झरीला उतरणारी एक आजी गोष्ट ऐकत तशीच बसून राहिली. बोरी आली तेव्हा कंडक्टर चिडला, "आजी, झरी गेली की मागं!"

"जाऊ दे की. त्या पोरीचं काय झालं, ते कळल्याबिगर कशी उतरू?"

मामांचा चेहरा त्या दिवशी बघायला हवा होता. इनाम मिळालेला माणूसही इतका खूश होत नसेल.

मग ते कोट्यवधींचे सिनेमे यायला लागले. तुम्हीही पाहिलेच असतील. मोठमोठे फलक, महिनाभर जाहिराती, आणि आत काय? हिरो चालत येतो, मागं काहीतरी फुटतं, पुन्हा हिरो चालत येतो. एका सोमवारी मामा उभे राहिले, दांडा धरला आणि म्हणाले, "वाघ कम्प्युटरचा, डोंगर कम्प्युटरचा, हिरोचं पोट बी कम्प्युटरचंच. सांगू काय तुमाला?" बसनं अजून परभणीची वेससुद्धा ओलांडली नव्हती.

आमच्यातला एक तरुण तलाठी म्हणाला, "मामा, तुमाला त्यातलं ग्राफिक्स कळत न्हाई."

"जत्रंत बी लय लाइटी असतात. मी कधी जत्रा सांगितली का बसमधी?"

थिएटरच्या डोअरकीपरलाही त्यांनी सोडलं नव्हतं. "तीन तास बसिवलं, एक माणूस भेटला न्हाई आत," असं त्याला सुनावून आले. तो बिचारा म्हणाला, "मामा, शिनिमा काय मी काढलाय?"

आम्ही हसलो, पण मामा हसले नाहीत. कारण सिनेमा लवकर संपला की लोक कानात इअरफोन घालायचे, आणि मामा उरलेला रस्ता खिडकीबाहेर बघत बसायचे. "आपला सोमवार खायलेत हे बेइमान शिनिमावाले," एवढंच पुटपुटायचे.

त्यांच्या निवृत्तीआधीचा शेवटचा सोमवार आला. तेव्हा त्या वर्षातला सगळ्यात मोठा म्हणून गाजवलेला सिनेमा लागला होता. मामा आठवडाभर सांगत होते, "तुमच्यासाठी राखून ठिवलाय. जाता जाता जिंतूरपर्यंत पुरवतो बगा." सकाळी आमच्याच बसनं रोज येणाऱ्या, बोरीच्या दवाखान्यातल्या सिस्टरनी सगळ्यांना मोबाइल पिशवीत टाकायला लावले. पेढेही आणले होते.

मामांनी डबा माझ्या मांडीवर ठेवला. दांडा धरला. "तर असा एक माणूस हाय..." आणि थांबले.

आम्ही वाट बघत होतो. गाडीला दोन गचके बसले.

"न्हाई," मामा म्हणाले. "न्हाई हो. तसा माणूसच न्हाई त्यात. कुणाचा कोण, कशापायी मारायलाय, कायच न्हाई."

"तुमीच घाला की पदरचं थोडं," सिस्टर म्हणाल्या.

"आजवर घातलं का कधी?"

"मग एखादा जुना सांगा."

"जाता जाता शिळं वाढू काय तुमाला?" मामांनी माझ्या मांडीवरचा डबा घेतला आणि बसले. झरी अजून यायची होती.

माझं डोकं आजही तापतं. एवढा पैसा ओतला, एवढी माणसं राबली, आणि एका बाबूच्या निरोपाला पुरेल एवढी गोष्ट त्यांना सुचू नये? लाज कशी वाटत नाही? मामा जिंतूरला उतरले तेव्हा आम्ही हार घातला, फोटो काढला. ते सगळ्यांना "चुकलं माकलं माफ करा" म्हणत होते. चूक कुणाची होती, आणि माफी कोण मागत होतं!

पुढच्या सोमवारी मामा नव्हते. तलाठ्यानं मोबाइल काढला. त्याच सिनेमाच्या दुसऱ्या भागाची झलक आली होती. बसभर धडामधुडूम सुरू झालं.

"बंद कर ते," सिस्टर म्हणाल्या.

त्यानं मुकाट्यानं बंद केलं. बोरीला उतरेपर्यंत त्या डोळे पुसत होत्या.